दयाळ पावसाळ्यानंतर कुठे जातो? मागच्या अंगणातल्या वर्षभराच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

आजपासून लिहायला घेतलं. जागा आमचीच, एरंडवण्यातली जुनी तीन मजली सोसायटी, आणि तिच्या मागचं अंगण, साधारण ४० फूट बाय २५ फूट, जिथे गाडी लावता येत नाही म्हणून सहसा कुणी फिरकत नाही. एक मोठा आंबा, पारिजातक, सीताफळ, कढीपत्त्याची तीन-चार झाडं, कंपाउंडवर चढलेली बोगनवेल, आणि भिंतीला जुन्या वीज मीटरची रिकामी पत्र्याची पेटी, जिचं दार कधीच गंजून गेलंय. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं दिसतं.

आई म्हणते दयाळ हा उन्हाळ्याचा पाहुणा, शिमग्याला येतो आणि गणपती आले की जातो, तिने तीस वर्षं या खिडकीतून असंच पाहिलंय. पक्ष्यांची माहिती देणारे सगळे सांगतात की दयाळ बारमाही, इथलाच, स्थलांतर करत नाही. मग सप्टेंबर ते जानेवारी तो आईला दिसत का नाही? हाच माझा प्रश्न. रोज सकाळी अर्धा तास, रविवारी दोन तास, दुर्बीण ८×४२, एक वही.

दयाळाला इंग्रजीत मॅगपाय रॉबिन म्हणतात, तर भाच्याने विचारलं रॉबिन म्हणजे तो ख्रिसमसच्या कार्डावरचा लाल छातीचा ना. तो युरोपातला. इंग्रज जिथे गेले तिथे त्यांनी आपल्या घरच्या रॉबिनची आठवण काढत तिथल्या पक्ष्यांना तेच नाव दिलं, अमेरिकेतला रॉबिन तर चक्क कस्तुर म्हणजे थ्रश आहे, रॉबिनचा फार जवळचा नातेवाईकसुद्धा नाही. पुण्यात आपले दोन: बागेतला दयाळ आणि टेकडीवरचा चिरक, म्हणजे इंडियन रॉबिन. हे दोघं आणि युरोपातला, तिघंही आता माशीमारांच्या म्हणजे फ्लायकॅचरच्या कुळात धरतात.

१८ फेब्रुवारी, रविवार

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे, म्हणजे जगभरच्या पक्षीगणनेचे, चार दिवस चालू आहेत, १६ ते १९, म्हणून रोज १५ मिनिटांची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकतेय. बुलबुल, शिंपी, साळुंकी, जांभळा सूर्यपक्षी, राखी धनेशाची जोडी. दयाळ आज एकदाच, नर, आंब्याच्या खालच्या फांदीवर, गाणं नाही, फक्त शेपटी वर खाली. वर्णन एकदा लिहून ठेवते: डोकं, छाती, पाठ निळसर झाक असलेली काळी, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा, शेपटी काळी आणि कडेने पांढरी. मादीत जिथे जिथे काळं तिथे राखाडी. बुलबुलापेक्षा थोडा लहान वाटतो पण उभा राहतो तो ताठ.

२५ फेब्रुवारी

कोपऱ्यावर एका बंगल्यात पांगारा फुललाय, तिथे साळुंक्या आणि कावळ्यांच्या गर्दीत नर दयाळ दिसला, फुलात चोच घालत होता. किडे टिपत होता की मध पीत होता ते इथून कळेना, पण किडे खाणारा हा पक्षी फुलातला मधही घेतो हे नक्की.

१० मार्च, रविवार

पहिलं पूर्ण गाणं! पाच अठ्ठावन्नला. सूर्योदय पावणेसातला, म्हणजे पाऊण तासाहून जास्त आधी. सोलरच्या टाकीच्या पाइपवर अगदी टोकाला बसून. मी चहा टाकत होते, गॅस बंद केला आणि खिडकीत उभी राहिले. एक लांब चढती शीळ, मग दोन-तीन छोट्या गिरक्या, थांबा, परत वेगळीच शीळ. दर वेळी शेवट वेगळा. मधेच शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाज काढला आणि खाली शिंपी गप्प झाले, तो खरंच शिक्रा आहे असं मलाही दोन सेकंद वाटलं. दुसऱ्यांचे आवाज उचलायची याला सवयच आहे.

आई आतून म्हणाली, बघ आला. मी वहीत लिहिलं "गायला लागला". आला नाही, तो १८ फेब्रुवारीलाही इथेच होता.

१७ मार्च

शेजारच्या सोसायटीतला दुसरा नर कंपाउंडवर उतरला आणि मग जे झालं ते मी अर्धा तास बघत होते, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. आमचा नर त्याच्यापासून चार फुटांवर उतरला, अंग फुगवलं, चोच थेट आकाशाकडे, शेपटीचा पंखा, आणि भिंतीवरून अगदी सावकाश, एकेक पाऊल टाकत चालत गेला. दुसऱ्यानेही तसंच केलं. एकदाही चोच मारली नाही. सहा-सात मिनिटांनी दुसरा उडून गेला आणि आमच्याने टाकीवर जाऊन लगेच गाणं सुरू केलं. गाणं म्हणजे आपल्याला आनंद वाटतो तो, पण त्याच्यासाठी ती हद्दीची भिंत आहे, रोज पहाटे बांधायची.

२४ मार्च – गाणं सुरू ५:३१.
७ एप्रिल – गाणं सुरू ५:१२. आमच्या गल्लीतला दिवा रात्रभर जळतो, त्याच्या उजेडाने हा अजून लवकर उठतो की काय असा संशय आहे, पलीकडच्या अंधाऱ्या गल्लीतला नर १५ मिनिटं उशिरा सुरू करतो.

३ एप्रिल

वरची ओळ मागाहून लिहिली म्हणून तारीख मागेपुढे झालीय. जानेवारीत मी बोहरी आळीतून बिजागऱ्या आणून, सुताराकडून फळ्या कापून घेऊन एक लाकडी खोका केला होता आणि आंब्याला टांगला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. परवापासून मादी गंजक्या मीटरच्या पेटीत काड्या नेतेय.

आणि मादीच नेतेय, एकटी. नर वर बसून गातो आणि खाली ती राबते. आज सकाळी ७ ते ८ मधे तिच्या १९ फेऱ्या: वाळकं गवत, बारीक मुळं, आंब्याची देठं, आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या दारातल्या पायपुसण्याचा काथ्या. काकूंना सांगितलं तर त्यांनी ते पायपुसणं मुद्दाम बाहेरच ठेवलं, आणि मला फार बरं वाटलं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी मागच्या गॅलरीत उभारायची नाही असं आईला सांगितलं, पेटी तिथून सहा फुटांवर आहे. गुढी पुढच्या बाजूला. आई काहीच बोलली नाही, साखरेची गाठी मात्र मागच्या दाराला पण बांधली.

१२ एप्रिल

एकदाच बघितलं. मादी बाहेर गेलेली असताना, मोबाइल काठीला बांधून, दहा सेकंद. चार अंडी, फिकट निळसर हिरवी, त्यावर तपकिरी ठिपके. परत बघणार नाही. सारखं डोकावलं की पक्षी घरटं सोडतात आणि कावळ्यालाही जागा कळते, कावळे आपल्याकडे बघूनच शिकतात.

१३ ते २४ एप्रिल

मादी बसून आहे. उबवायचं काम फक्त तिचं. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर येते, मातीच्या पसरट भांड्यात पाणी पिते, पाच-सात मिनिटं झाडाखाली टिपते, परत आत. दुपारी ऊन ३९ पर्यंत जातंय आणि ती पत्र्याची पेटी. मी बाराच्या आधी पेटीवर भिजवलेलं गोणपाट टाकायचा विचार केला आणि सोडून दिला, कारण ती पेटी आंब्याच्या सावलीतच आहे आणि जागा निवडताना तिने ते बघितलंच असणार.

नर या दिवसात उगाच बसलेला नाही. कावळा आला, खार आली, मांजर आलं की पहिला तोच, "चर्रर्र चर्रर्र" करत डोक्यावरून झेप घेतो.

२५ एप्रिल

दोघंही चोचीत अळी घेऊन पेटीकडे. पिल्लं निघाली! ती बसल्यापासून आज बारावा-तेरावा दिवस.

२८ एप्रिल, रविवार

सकाळी ७ ते ८: नऊ फेऱ्या. नर ३, मादी ६. बारीक हिरव्या अळ्या, कोळी.

५ मे, रविवार

सकाळी ७ ते ८: एकवीस फेऱ्या. नर ८, मादी १३. आता नाकतोडे, झुरळ, गांडूळ, एकदा पालीचं पिल्लू, ते त्याने भिंतीवर आपटून आपटून मऊ केलं आणि मग नेलं. परत येताना चोचीत पांढरी गोळी, पिल्लांची विष्ठा पातळ पिशवीत बांधलेली येते आणि आईबाप ती उचलून लांब नेऊन टाकतात, म्हणजे घरटं स्वच्छ आणि वासाने कुणाला पत्ता लागत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. २१ पैकी १४ वेळा खाऊ आला तो आंब्याखालच्या पाचोळ्यातून. पुढच्या बाजूच्या लॉनवरून फक्त दोनदा. लॉन झाडून, कापून, महिन्याला फवारून चकाचक असतं.

४ मे, शनिवार (आधी लिहायची राहिली)

पहाटे वेताळ टेकडी. भाचा बरोबर. चिरक बघायचा होता. वरच्या खडकाळ भागात, निवडुंगाजवळ एक नर, सगळा काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपटी इतकी उभी की पाठीला टेकेल, आणि ती उभी केली की खालचा विटकरी रंग दिसतो. उत्तर भारतातल्या नराची पाठ तपकिरी, दक्षिणेत काळीभोर, आपण मधे कुठेतरी. मादी पूर्ण तपकिरी, पंखावर पांढरं नाही. हा झाडाच्या शेंड्यावर बसून गाणारा नाही, दगडावर, मातीच्या ढिगावर, जमिनीशी. घरटं दगडांच्या फटीत, भिंतीच्या भोकात करतो आणि आत केस, लोकर आणि बऱ्याचदा सापाच्या कातीचे तुकडे लावतो, हे ऐकून भाच्याने पुढचा अर्धा तास पक्षी सोडून कात शोधली.

उतरताना पार्किंगमधे दुसरा एक नर एका स्कूटरच्या आरशाशी भांडत होता. आरशात त्याला दुसरा नर दिसतो. झेप, चोच, खाली, परत झेप. आम्ही मालकाला विचारून आरशावर रुमाल बांधला, दोन मिनिटांनी तो शांत झाला आणि दगडावर जाऊन बसला. विणीच्या दिवसात अशी भांडणं तासन् तास चालतात आणि त्यात त्याची सगळी ताकद जाते, म्हणून जिथे असं दिसेल तिथे आरसा झाकावा.

१० मे

पिल्लं बाहेर. तीन. पेटीतून एक एक करत सीताफळावर. छातीवर खवल्यांसारखी पिवळसर तपकिरी नक्षी, शेपटी जेमतेम बोटभर, ओठांच्या कडा पिवळ्या. उडणं म्हणजे पडत पडत जाणं. चौथं अंडं फुटलंच नाही, ते नंतर पेटीत मिळालं.

११ मे

दोन. मांजराने एक नेलं. पावणेसातला, माझ्या डोळ्यासमोर, मी खिडकीतून ओरडले, खाली धावत गेले, उपयोग झाला नाही. नर संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्यावर ओरडत होता. आज जास्त लिहवत नाही.

रात्री: मांजर कुणाचं ते माहीत आहे, त्याला खायला घालणारे पण चांगलेच लोक आहेत. पण सेशेल्स बेटांवर दयाळाचाच एक भाऊबंद होता, तिथे माणसांबरोबर आलेल्या मांजरांनी आणि जंगलतोडीने १९६० च्या दशकात एकाच बेटावर, फ्रेगेटवर, जेमतेम पंधराच्या आसपास पक्षी उरले होते, नंतर लोकांनी फार कष्टाने ते वाढवले. उद्या काकूंशी बोलणार, पिल्लं उडेपर्यंत पहाटे मांजर घरात ठेवा म्हणून.

१३ मे, सोमवार

मतदान करून आले साडेआठला, शाई लावलेल्या बोटाने दुर्बीण धरली. दोन्ही पिल्लं पारिजातकात, नर भरवतोय. काकूंनी मांजर घरात ठेवलंय.

२९ मे

मादी परत कामाला लागली! पिल्लं नराच्या भरवशावर आणि तिने बोगनवेलीमागच्या भिंतीतल्या भोकात, जिथून जुना पाइप काढलाय तिथे, दुसरं घरटं सुरू केलं.

१६ जून, रविवार

हे लिहायला जड जातंय. सकाळी आईने हाक मारली, लवकर ये, भारद्वाज! आमच्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, आई हात जोडते. तपकिरी पंख, लाल डोळे, बोगनवेलीत सावकाश चढत होता, आणि मला कळलं तो कुठे चाललाय. मादी ९ तारखेपासून बसलेली. दोन्ही दयाळ त्याच्या डोक्यावर तुटून पडले, पिसं उडाली, पण तो शांतपणे भोकात डोकं घालून राहिला. सात मिनिटं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्याची पण पिल्लं असतील कुठेतरी. असतीलच, त्याची वीण याच दिवसात. मी हाकललं नाही. हाकलायला हवं होतं का, हे मी स्वतःला अजून विचारतेय, पण पहिल्या पानावर "बघायचं, मधे पडायचं नाही" असं लिहिलंय आणि मांजराचं मात्र वेगळं, मांजर आपण आणलेलं आहे.

७ जुलै

पालख्या येऊन गेल्या. गाणं चालू आहे पण तुकड्यातुकड्यात, सव्वासहानंतर, आणि पावसाची सर गेली की. आज नर आंब्याच्या ओल्या पानात शिरून अंघोळ करत होता, पानावर साचलेल्या पाण्यात अंग घासून. मातीच्या भांड्याकडे बघितलंही नाही.

२६ जुलै, शुक्रवार

काल पुण्याने जे बघितलं ते लिहायची ही वही नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरात पाणी, माझी मैत्रीण तिथेच राहते, रात्रभर फोनवर होतो, ती ठीक आहे. आज पाऊस उघडला. अंगणात फरशीवर गांडुळंच गांडुळं, आणि नर दयाळ उभ्या असलेल्या गाडीखालून निघून एकेक ओढतोय. मादीही होती. दोघं ठीक.

२८ जुलै – शेवटचं गाणं, ६:३५, दोन मिनिटं. त्यानंतर नाही.

१५ ऑगस्ट

नर दिसला, ओळखू येईना. शेपटीची मधली पिसं गायब, मानेवर टक्कल पडल्यासारखं, रंग कळकट. वीण संपल्यावर पिसं झडून नवी येतात, त्यात खूप ताकद जाते आणि उडणंही जड होतं, मग कोण उघड्यावर बसून गाईल? खाली सीताफळात बसला होता, मी दुर्बीण उचलली तसा आत सरकला.

१ सप्टेंबर – नाही.
८ सप्टेंबर – नाही. काल गणपती बसले. आई म्हणाली, सांगितलं होतं ना.
९ ते १७ – नाही, नाही, नाही. रोज अर्धा तास. मिरवणुकीच्या आवाजात काही ऐकूही येत नव्हतं.

२२ सप्टेंबर, रविवार

सापडला!

आणि सापडला तो मी बघायचं बंद केल्यावर. संध्याकाळी ६:४० ला कचरा टाकायला मागे गेले होते, अंधार पडत आलेला, आंब्याखालच्या पाचोळ्याच्या ढिगात खसखस. मला वाटलं उंदीर. थांबले. एक पान उलटं झालं, मग दुसरं, आणि पांढरा पट्टा दिसला. नवी कोरी पिसं, काळा इतका चकचकीत. त्याने "स्वीई" अशी एक बारीक, खाली उतरणारी शीळ घातली, मी पूर्वी हजारदा ऐकलीय आणि कधीच तिला दयाळाचं नाव दिलं नव्हतं.

चूक पद्धतीत होती. मी सकाळी बघत होते आणि वर बघत होते, टाकी, शेंडा, तार, कारण उन्हाळ्यात तो तिथे असतो. आता तो संध्याकाळी आहे, जमिनीवर आहे आणि गप्प आहे. आजपासून वेळ बदलली, ६:१५ ते ७.

आईला हाताला धरून आणलं. दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो. तो परत आला, साताला, दिव्याखाली पडलेले किडे टिपायला. आई म्हणाली, हा तर रोज असतो, मला वाटायचं साळुंकीचं पिल्लू आहे.

२३ सप्टेंबर ते १९ ऑक्टोबर

२७ पैकी २२ संध्याकाळी दिसला. मादी ९ वेळा, पण नराबरोबर नाही, ती पुढे पारिजातकाच्या बाजूला. उन्हाळ्यात पहाटे सर्वांत आधी उठणारा हा पक्षी आता संध्याकाळी सर्वांत शेवटी झोपतो, बुलबुल आणि साळुंक्या केव्हाच गेलेल्या असतात.

२० ऑक्टोबर, रविवार

तो तिथे नक्की खातो काय, म्हणून भाच्याबरोबर पाचोळ्यातला एक बाय एक फूट चौकोन उचकटला, बघून सगळं परत तसंच ठेवलं. वाळवी, रातकिडे, एक गोम, बारके कोळी सात-आठ, गोगलगायी, झुरळाची पिल्लं, मातकट अळ्या. वरचा थर कोरडा आणि खाली बोट घातलं तर गार, दमट. तसाच चौकोन लॉनवर: मुंग्या. बस. भाच्याने शाळेच्या वहीत दोन चित्रं काढली, एक भरगच्च आणि एक रिकामं.

६ नोव्हेंबर, बुधवार

पाचोळा जाळला.

दिवाळीची साफसफाई राहिली होती म्हणे. संध्याकाळी ऑफिसमधून आले तर अंगणभर धूर आणि आंब्याखाली काळा गोल. नेमका पक्षी सप्ताह चालू, राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पाळतात, ५ ला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ ला सलीम अली यांचा. मी झाडणाऱ्या माणसावर रागावले नाही, त्याला सांगितलं ते त्याने केलं. थेट सेक्रेटरी काकांकडे गेले. आवाज चढला माझा, ते बरोबर नव्हतं, पण डोळ्यात पाणी होतं.

७, ८, ९ नोव्हेंबर – दयाळ नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

मीटिंग. वही घेऊन गेले. ५ मे चा आकडा, भाच्याची चित्रं, २७ पैकी २२. कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी आहे हेही सांगितलं, पण त्याने कुणी हललं नाही, हलले ते चित्रांनी. काकूंनी पायपुसण्याची गोष्ट सांगितली. सेक्रेटरी काका म्हणाले डासांचं काय, तर डास साचलेल्या पाण्यात होतात, पाचोळ्यात नाही, आणि माळीकाकांनीच सांगितलं की गावाकडे आंब्याखालचा पाला कुणी काढत नाही, तेच खत. शेवटी ठरलं, आंब्याखालचा १० बाय ८ फुटांचा तुकडा सोडायचा, भोवती विटांची एक ओळ लावायची म्हणजे नीटनेटकं दिसेल, आणि पुढचा पालाही तिथेच टाकायचा. माळीकाकांनी संध्याकाळपर्यंत विटा लावल्या पण.

२४ नोव्हेंबर

ढीग जेमतेम घोट्याएवढा. नर आला, ६:०५, चार मिनिटं, पानं उलटली, गेला. आला हे पुष्कळ.

१५ डिसेंबर, रविवार

थंडी. सकाळी ११ अंश. नर रोज, मादी दोन-तीन दिवसाआड, दोघांची जागा वेगळी. मागे पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅकबद्दल वाचलं होतं, १९३० च्या दशकात इंग्लंडमधे डेव्हन भागात शाळेत शिकवता शिकवता त्याने रॉबिनच्या पायात रंगीत कड्या घालून एकेक पक्षी ओळखीचा केला. त्यातून कळलं की तिकडच्या रॉबिनची मादी थंडीत स्वतःची हद्द धरते आणि गाते सुद्धा. आमची मादी गात नाही, पण हद्दीचं मात्र तसंच काहीतरी दिसतंय, आज ती पारिजातकावरून विटांपाशी आली तर नराने "चर्रर्र" करून परत पाठवली. एप्रिलमधे हेच दोघं एका पेटीला खाऊ आणत होते. की ही वेगळी मादी? कड्या घालायला परवानगी आणि प्रशिक्षण लागतं, त्यामुळे मी खुणांवर आहे: नराच्या डाव्या पंखाचा पट्टा मधे तुटलेला दिसतो, मादीला अजून खूण सापडली नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

दुपारी अडीचला, सीताफळाच्या आत, चोच बंद ठेवून गुणगुण. इतकं हळू की खिडकी लावली असती तर ऐकूच आलं नसतं. तेच उन्हाळ्यातलं गाणं, पण घशातल्या घशात, अडखळत. वीस मिनिटं. मी हलले नाही.

१५ जानेवारी

आंब्यात नायलॉन मांजा अडकलेला. बंदी असून दर संक्रांतीला हेच. माळीकाका शिडी लावून चढले, जवळजवळ चाळीस फूट निघाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

परत बर्ड काउंट. या वेळी सोसायटीतली सहा मुलं आणि काकू आल्या. भाच्याने सगळ्यांना सांगितलं की हा बांगलादेशचा राष्ट्रीय पक्षी आहे, तिकडे त्याला दोयेल म्हणतात आणि दोन टक्याच्या जुन्या नोटेवर त्याचं चित्र होतं. दयाळ: २. नर विटांच्या ओळीवर, मादी ढिगात. नराने तिला हाकललं नाही. ढीग आता गुडघ्याच्या जरा खालपर्यंत वाढलाय.

९ मार्च, रविवार

५:५४. टाकीवर. डाव्या पंखाचा पट्टा मधे तुटलेला. तोच.

आई उठून खिडकीत आली, शाल गुंडाळून, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, घसा मोकळा झाला त्याचा.

२३ मार्च, रविवार

मीटरच्या पेटीखाली जमिनीवर दोन काड्या आणि काथ्याचा एक धागा. काकूंना जुनं पायपुसणं बाहेर ठेवायला सांगितलं, मांजराचंही बोलून ठेवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून पडदा लावला, बोटभर फट ठेवून.